सेंटर फिल्डला टिकेल का?

एकोणीस वर्षांच्या आउटफिल्डरचा रिपोर्ट लिहायला घेतला, की बाकीचे सगळे प्रश्न एका प्रश्नामागे जाऊन उभे राहतात: हा मुलगा पंचविशीत सेंटर फिल्डला उभा असेल, की तोवर डाव्या-उजव्या कोपऱ्यात सरकलेला असेल?

बेसबॉल फारसा न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगतो. मैदानाच्या मागच्या भागात, म्हणजे आउटफिल्डमध्ये, तीन क्षेत्ररक्षक असतात: मधला सेंटर फिल्डर आणि कोपऱ्यांतले लेफ्ट व राइट फिल्डर. मधल्याला सर्वांत जास्त जमीन राखावी लागते, म्हणून ती जागा झेपणारे थोडेच असतात. कोपरे सांभाळणारे पुष्कळ मिळतात, त्यामुळे त्यांच्याकडून संघ बॅटिंगची जास्त अपेक्षा धरतो. खेळाडूचं मूल्य विजयांमध्ये मोजायची फॅनग्राफ्स या आकडेवारीच्या संकेतस्थळाची जी पद्धत आहे, तिच्यात पूर्ण मोसम सेंटर फिल्डला खेळणाऱ्याच्या खात्यात अडीच धावा जमा होतात आणि कोपऱ्यातल्याच्या खात्यातून साडेसात वजा होतात. फरक दहा धावांचा, म्हणजे साधारण एका विजयाचा. तीच बॅट, तेच पाय. उभं राहायची जागा बदलली की वर्षाला एक विजय गेला. मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च पातळीवर, रोज खेळणारा आणि बाकावर बसणारा यांच्यातलं अंतर बऱ्याचदा एवढंच असतं.

मी नॉर्थ कॅरोलायनात, राली शहराजवळ राहतो. नोकरी संगणकाची. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी मायनर लीगचे, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवरचे, सामने पाहतो आणि एका छोट्या नियतकालिकासाठी तरुण खेळाडूंचे रिपोर्ट लिहितो. कोणत्याही क्लबशी माझा संबंध नाही, आणि तो नसल्यामुळे मोकळेपणानं लिहिता येतं.

रालीच्या पूर्वेला झेब्युलॉन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या फाइव्ह काउंटी स्टेडियमवर १९९१ पासून मडकॅट्स खेळत आले. २०२५ हा त्यांचा तिथला शेवटचा मोसम. २०२६ पासून संघ विल्सनला गेला. मेजर लीगमधल्या मिलवॉकी ब्रूअर्सचा हा सिंगल-ए संघ, म्हणजे पूर्ण मोसम खेळणाऱ्या चार पायऱ्यांतली सर्वांत खालची पायरी. व्हेनेझुएलाचा सेंटर फिल्डर जॅक्सन चूरियो २०२२ मध्ये अठराव्या वर्षी इथे खेळला. २०२४ मध्ये, विसाव्या वर्षी, मेजर लीगच्या पहिल्याच मोसमात त्यानं २१ होम रन (मैदानाबाहेर जाणारे फटके) मारले आणि २२ बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पळून पुढचा बेस गाठला. असं उदाहरण डोक्यात बसलं की पुढच्या प्रत्येक चपळ पोरात चूरियो दिसायला लागतो. त्यापासून स्वतःला आवरणं हाही या कामाचाच भाग.

२०२५ मध्ये यजमान संघात हेसूस मादे हा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) होता, मोसम सुरू झाला तेव्हा अवघा सतरा वर्षांचा. त्याच्यासाठी होम प्लेटमागच्या, म्हणजे बॅटरच्या मागच्या, खुर्च्यांत क्लबांसाठी खेळाडू हेरणारे स्काउट दाटीवाटीनं बसलेले असत. मला हवा असलेला खेळाडू मात्र पाहुण्या संघात होता. डोमिनिकन रिपब्लिकचा, सोळाव्या वर्षी करार झालेला. आधी मायदेशातल्या समर लीगमध्ये, मग अमेरिकेतल्या कॉम्प्लेक्स लीगमध्ये (क्लबांच्या सराव केंद्रांवरची नवख्यांची लीग) खेळून इथवर आलेला. बॅटिंग उजवी, फेकही उजवी. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. तो अजून घडतो आहे, आणि माझं मत एका आठवड्याच्या पाहण्यावर उभं आहे.

२०२१ च्या फेररचनेपासून मायनर लीगमध्ये एकाच पाहुण्या संघाशी सलग सहा सामने होतात. मंगळवार ते रविवार खेळ, सोमवारी सुट्टी. पाहणाऱ्याला याहून चांगलं काही नाही. पूर्वी तीन-चार दिवसांत पाहुणा संघ बस पकडून निघून जायचा. आता तोच मुलगा ताजातवाना दिसतो, थकलेला दिसतो, आदल्या रात्री तीनदा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) होऊन आलेला दिसतो, आणि त्याला एकदा फसवून गेलेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, शनिवारी पुन्हा त्याच्यासमोर येतो.

मंगळवारी परवानगी घेऊन लवकर आत गेलो. बॅटिंग प्रॅक्टिस चालू होती. बहुतेक लोक अशा वेळी बॅटरकडे बघतात, मी मागे उभ्या असलेल्या आउटफिल्डरांकडे बघतो. त्यांचं काम तेव्हा नुसते चेंडू गोळा करायचं असतं आणि गप्पा रंगलेल्या असतात. पण काही खेळाडू त्यातलेच काही चेंडू सामन्यातल्यासारखे घेतात: गुडघे वाकवून, पिचर टाकत असलेल्या चेंडूकडे नजर लावून, फटका सुटताच धाव घेऊन. याला ‘लाइव्ह रीड’ म्हणतात. आउटफिल्डर होण्याची खरी शाळा हीच, कारण प्रशिक्षकानं हातातल्या बॅटनं उडवलेला चेंडू आणि पिचिंगवर बसलेला फटका यांची उड्डाणं वेगळी असतात. आमच्या या मुलानं एका गटाची बॅटिंग संपेपर्यंत असं मन लावून केलं, मग शेजारच्याशी बोलत उभा राहिला. वहीत दोन्ही गोष्टी लिहिल्या.

सामना सुरू झाल्यावर सेंटर फिल्डर पाहायचा म्हणजे चेंडू पाहायचा नाही. हे सांगायला सोपं आहे. सगळ्या स्टेडियमची मान चेंडूमागे वळते तेव्हा आपली नजर साधारण ३०० फुटांवरच्या एका माणसावर ठेवायची. पिचरच्या हातून चेंडू सुटला की मी नजर त्याच्या पायांवर नेतो आणि फटका कानानं ऐकतो. तो ‘टक्’ आणि त्याचं पहिलं पाऊल यांच्यात किती वेळ जातो, आणि ते पाऊल कुठे पडतं, एवढंच बघायचं. मी प्लेटजवळ असल्यामुळे मला आवाज लगेच ऐकू येतो. त्याच्यापर्यंत तो पोहोचायला पाव सेकंदाहून जास्त लागतो. म्हणजे त्याला डोळ्यांवरच विसंबावं लागतं, आणि चांगल्या सेंटर फिल्डरचे डोळे फटक्याच्याही आधी कामाला लागलेले असतात. पिचरच्या बरोबर मागून त्याला सगळं सरळ दिसतं: चेंडू बॅटरच्या अंगावर येतोय की बाहेर जातोय, बॅट लवकर आली की उशिरा. त्यावरून तो फटका बसण्याच्या क्षणीच एका बाजूला कललेला असतो. कोपऱ्यातल्याला हे तिरकं दिसतं, शिवाय त्याच्याकडे येणारे चेंडू रेषेच्या बाजूला वळतात. मध्याला वळण कमी, पण डोक्यावरून जाणाऱ्या सपाट फटक्याची खोली ओळखणं हे आउटफिल्डमधलं सर्वांत कठीण काम तिथेच पडतं.

मेजर लीगमध्ये स्टॅटकास्ट यंत्रणा या पहिल्या क्षणांचे तुकडे करून मोजते. पहिले दीड सेकंद प्रतिक्रियेचे, पुढचे दीड सेकंद वेग पकडण्याचे, आणि त्यासोबत धावण्याची वाट किती सरळ होती ते. तीन सेकंदांत योग्य दिशेनं किती फूट अंतर कापलं हे फुटाफुटानं समजतं. सिंगल-ए पातळीवर मला अशी मदत नाही. स्टॅटकास्टची काही आकडेवारी फ्लोरिडा स्टेट लीगपुरती सगळ्यांना पाहता येते, पण इथल्या कॅरोलायना लीगमधलं मोजमाप क्लबांकडेच राहतं. तेव्हा आपले डोळे, वही आणि फोनचा कॅमेरा.

डाव्या बाजूच्या मोकळ्या पट्ट्यात गेलेल्या चेंडूंवर त्याचं पहिलं पाऊल सुरेख होतं. वाट सरळ, मान स्थिर, शेवटच्या तीन पावलांत घाई नाही. उजव्या बाजूलाही ठीक. खरी परीक्षा डोक्यावरच्या चेंडूची, आणि ती बुधवारी आली. यजमानांच्या एका डावखुऱ्यानं सपाट, दणदणीत फटका मारला. मुलगा आधी अर्धं पाऊल पुढे आला, थबकला, मग उजव्या खांद्यावरून वळून पळत सुटला. मध्यावर भिंत ४०० फुटांवर आहे. भिंतीआधीच्या मातीच्या पट्ट्यावर त्यानं पूर्ण हात लांबवून चेंडू पकडला. लोक उभे राहिले, पिचरनं टोपी काढून त्याला दाद दिली. माझ्या वहीत लिहिलं होतं: ‘उशीर. पायांनी वाचवलं.’

हे लिहिताना मला त्या झेलाचं मोल कमी करायचं नाही. असा झेल घेणारे पाय देवानं सगळ्यांना दिलेले नाहीत. पण सर्वांत नेत्रदीपक झेल बऱ्याचदा उशिरा निघालेल्याच्या नावावर लागतात. वेळेवर निघालेला तोच चेंडू धावत जाऊन छातीसमोर घेतो आणि कोणी टाळीही वाजवत नाही. एकोणिसाव्या वर्षी पाय उशीर भरून काढतात. सव्विसाव्या वर्षी, दहा-बारा किलो वजन वाढल्यावर, भरून काढतील का?

आता पायांकडे येतो. बॅट चेंडूला लागल्यापासून पाऊल पहिल्या बेसला लागेपर्यंतचा वेळ स्टॉपवॉचवर घ्यायचा. अंतर ९० फूट. उजव्या बॅटरसाठी ४.३ सेकंद हा मेजर लीगचा सरासरी वेळ मानतात. डावखुरा बेसच्या जवळ उभा असतो, म्हणून त्याला ४.२. प्रत्येक धाव मोजण्यासारखी नसते. सरळ हातात गेलेल्या चेंडूवर खेळाडू निम्म्यानं पळतो, बंटवर (बॅट न फिरवता नुसती टेकवलेल्या चेंडूवर) आधीच सुटलेला असतो. जिथे खरोखर जीव तोडून धावणं भाग आहे, तेवढेच वेळ धरायचे. त्याचे असे वेळ ४.१ आणि ४.२ च्या दरम्यान आले, आणि शुक्रवारी दमलेला असतानाही बिघडले नाहीत.

स्काउटिंगमध्ये प्रत्येक गुणाला २० ते ८० अशी श्रेणी देतात. ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी, ६० म्हणजे ठळकपणे वरचा, ८० म्हणजे पिढीत मोजके. प्रत्येक गुणाला दोन आकडे: आज कुठे आहे आणि पूर्ण घडल्यावर कुठे असेल. पळण्याला मी आज ६० दिले. उद्याचे किती, हे शरीरावर अवलंबून.

शरीराबद्दल लिहिणं मला कायम अवघड जातं, कारण आपण एका माणसाच्या देहाबद्दल बोलत असतो, आणि तो माणूस अजून पुरता मोठाही झालेला नाही. तरी लिहावं लागतं. खांदे रुंद, हात लांब, वरचा भाग अजून सडपातळ. पण कंबर रुंद आहे आणि मांड्या आत्ताच भरलेल्या. अशा बांध्यात ताकद येते आणि तिच्याबरोबर वजन. गुरुवारी माझ्या शेजारी एक निवृत्त स्काउट बसले होते. चाळीसेक वर्षं त्यांनी दक्षिणेतली हायस्कूलची मैदानं पालथी घातली आहेत. मी त्यांना विचारलं, “तुम्हाला हा कुठे दिसतो?”

“लेफ्ट फिल्डला,” ते लगेच म्हणाले. “चोविसाव्या वर्षी शंभर किलोचा होईल. मी क्लबसाठी काम करत असतो तर आधी त्याच्या घरी गेलो असतो. थोरला भाऊ, वडील, मामा. माणूस कसा भरतो ते घरात दिसतं.”

क्लबांचे स्काउट खरंच घरी जातात, आईवडिलांच्या उंचीपासून घरातल्या जेवणापर्यंत सगळं बघतात. मला तो मार्ग नाही. पण त्यांच्या उत्तरातला ठामपणा मला पटला नाही. आज क्लब पोरांचा आहार आणि व्यायाम वर्षभर सांभाळतात. शिवाय मायनर लीगचे खेळाडू २०२२ मध्ये खेळाडू संघटनेत आले आणि २०२३ मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला. सिंगल-एचं किमान वार्षिक वेतन ११,००० डॉलरवरून २६,२०० वर गेलं. राहण्याची सोय त्याच्या आदल्या वर्षापासूनच क्लबांनी करायला घेतली होती. एका खोलीत पाच-सहा जण, जमिनीवर गाद्या आणि रात्रीचं जेवण पेट्रोल पंपावरच्या दुकानातून, अशा दिवसांतल्या पोरांची शरीरं पाहून बांधलेले अंदाज आजच्या पोरांना तसेच लावता येणार नाहीत असं मला वाटतं. म्हणून पळण्याचा उद्याचा आकडा मी ५५ धरला. त्यांनी ४५ धरला असता. आमच्या मतभेदाचं सगळं मूळ तिथेच आहे.

फेकीसाठी आठवडाभर वाट पाहावी लागली. पूर्वी सामन्याआधी आउटफिल्डर प्रत्येक बेसकडे पूर्ण जोरानं फेकायचे, आणि स्काउट पहिल्या अर्ध्या तासात हाताची नोंद करून मोकळे व्हायचे. तो सराव आता क्वचितच होतो. सामन्यात पूर्ण ताकदीची फेक रोज दिसेलच असं नाही. शुक्रवारी एका उंच झेलानंतर तिसऱ्या बेसवरचा खेळाडू होम प्लेटकडे सुटला, तेव्हा ती मिळाली: छोटी उडी घेऊन वरून मारलेली फेक, एक टप्पा, कॅचरच्या डाव्या गुडघ्यापाशी. धावणारा जेमतेम पोहोचला. हात सरासरीच्या किंचित वर, दिशा चांगली. याचा मुख्य प्रश्नाशी संबंध असा की मध्यातून हलवावंच लागलं तरी अशा हातामुळे राइट फिल्डचं दार उघडं राहतं. निव्वळ लेफ्टला अडकत नाही.

ताकदीबद्दल थोडक्यात: प्रॅक्टिसमध्ये चेंडू सहज भिंतीपार जातात, सामन्यात अजून बरेचसे जमिनीवर आपटतात. ते या वयात नेहमीचं आहे.

बॅटिंग पाहायला मी होम प्लेटच्या मागे बसलो, आणि नंतर पहिल्या बेसच्या बाजूला, जिथून उजव्या बॅटरची छाती आणि हात समोर दिसतात. ताशी ९५ मैलांचा फास्टबॉल प्लेटपाशी यायला साधारण ०.४ सेकंद घेतो. बॅट फिरवायचा वेळ वजा केला तर ठरवायला जे उरतं ते फारच थोडं. त्याचे हात वेगवान आहेत. आतल्या अंगावर आलेला फास्टबॉल त्यानं दोनदा डाव्या बाजूला असा मारला की क्षेत्ररक्षक हललेच नाहीत. अडचण स्लायडरची, म्हणजे शेवटी वळणाऱ्या चेंडूची. उजव्या पिचरचा स्लायडर प्लेटच्या बाहेर, खाली पळतो, आणि मंगळवारी-बुधवारी हा मुलगा त्याच्यामागे बॅट घेऊन जात होता. त्या दिवसांचे त्याचे स्ट्राइकआउट असेच झाले.

शनिवारी मंगळवारचाच एक राखीव पिचर आठव्या इनिंगमध्ये आला. तोच स्लायडर, तीच जागा. मुलाची बॅट निघाली, खांद्यापाशी थांबली. बॉल, म्हणजे हद्दीबाहेरचा चेंडू, बॅटरच्या फायद्याचा. पुढचाही तसाच, बॅट तशीच थांबली. मग फास्टबॉल टाकणं भाग पडलं आणि त्यानं तो पिचरच्या डोक्यावरून मध्यात मारला. मला त्या फटक्यापेक्षा आधीच्या दोन न मारलेल्या चेंडूंचा जास्त आनंद झाला. चार दिवसांत कुणीतरी त्याला काहीतरी दाखवलं होतं, किंवा त्याचं त्यानं पाहिलं होतं, आणि ते त्याच्या हातांपर्यंत पोहोचलं होतं. त्याच सामन्यात आणखी एक गोष्ट दिसली. बुधवारच्या त्या डावखुऱ्यासाठी तो आता दोन-तीन पावलं मागे उभा होता, आणि दोन स्ट्राइक झाल्यावर बाकावरून खूण नसताना स्वतःच लेफ्टकडे सरकला, कारण दोन स्ट्राइक झालेला डावखुरा बहुधा उशिरा, त्याच बाजूला मारतो.

माझा कौल इथे ठरला. पहिलं पाऊल उशिरा पडतं ते दोन कारणांनी: डोळ्यांना दिसत नाही म्हणून, किंवा डोक्यात आधीपासून चित्र तयार नसतं म्हणून. पहिलं सहसा सुधारत नाही. दुसरं सुधारतं, आणि शनिवारी ते सुधारताना मी पाहिलं. डोक्यावरच्या चेंडूला तो उजव्या खांद्यावरून कचरत वळतो, ही पावलांची सवय आहे. रोज सकाळी सराव करून बदलता येण्यासारखी.

रविवारी रात्री रिपोर्ट लिहिला. बॅट ३० आणि ४५. सामन्यातली ताकद ३० आणि ५०. पळणं ६० आणि ५५. क्षेत्ररक्षण ४५ आणि ५०, सेंटर फिल्ड धरून. हात ५५. त्या आठवड्याची बॅटिंग सरासरी लिहिली नाही, कारण सहा सामन्यांची सरासरी काहीच सांगत नाही. संपादकांना शेवटी एकच आकडा लागतो, खेळाडूचं एकूण भवितव्य सांगणारा. ५० म्हणजे मेजर लीगमध्ये रोज खेळणारा साधारण खेळाडू, ४० म्हणजे बाकावरचा. मी ४५ लिहिला आणि त्याखाली एक वाक्य: सेंटर फिल्डला टिकण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त; टिकला तर रोज खेळेल, हलला तर याच बॅटनं जागा राखणं कठीण जाईल.

संपादकांनी विचारलं, ५० का नाही? शनिवारचा सामना डोळ्यांपुढे होता, तरी ५० लिहिता आला नाही. एका पिचरचे दोन स्लायडर सोडणं ही चांगली खूण आहे, पण पुढच्या पायरीवर तोच चेंडू जास्त वेगानं आणि जास्त उशिरा वळेल.

प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी पुढच्या वेळी काय पाहायचं ते मी लिहून ठेवतो. त्याच्या पानावर लिहिलं आहे: एप्रिलमध्ये वजन किती आणि पहिल्या बेसचा वेळ ४.२ च्या आत आहे का; हाय-एमध्ये, म्हणजे पुढच्या पायरीवर, उजव्या पिचरच्या स्लायडरवर पहिल्या दोन आठवड्यांत बॅट किती वेळा निघते; आणि डोक्यावरून जाणाऱ्या सपाट फटक्याला पहिलं पाऊल मागे पडतं का.